लांब शिट्टी

दर रविवारी सकाळी आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात दोन आखूड शिट्ट्या वाजायच्या. म्हणजे गोटीराम निघाला. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढलेली, त्यामुळे रिटायर झाला तरी डबल बेल दिल्याशिवाय याचं पाऊल दाराबाहेर पडत नाही. मी वरच्या गॅलरीतून म्हणायचे, "गोटीभाऊ, पुढे सरका, मागे जागा नाही."

तो मान वर न करता म्हणायचा, "मीनाताई, सुट्टे काढून ठेवा."

आता तुम्ही ध्यान बघा. साठी उलटलेला माणूस. काळा टी-शर्ट, काळी हाफपँट, पोट जरा पुढे आणि खाली दोन उदबत्त्या लावल्यासारखे पाय. त्याच्या बायकोला, मैनावहिनीला, मी विचारायचे, "काय गं, आज कावळ्याला पान नाही वाढलंस?" ती बिचारी पदर तोंडाला लावून हसायची. आणि मागून तसेच काळे कपडे घालून त्यांची हर्षाली यायची, पिशवीत झेंडे, बाटली आणि बापाची नीकॅप घेऊन.

गोटीराम मूळचा लासलगावकडचा. कांदा सोडून दुसरं गोल काही त्याच्या घराण्यात कुणी बघितलेलं नाही, असं मी त्याला चिडवायचे. पण तरुणपणी मालेगाव डेपोला होता. तिथे संध्याकाळी फुटबॉल बघत उभा राहायचा. लियाकतभाई म्हणून एक रेफ्री होते, त्यांनी एक दिवस म्हटलं, मियाँ, नुसते उभे राहता, शिट्टी तरी वाजवा. वाजवली ती वाजवलीच. नियम शिकला, परीक्षा दिली, आणि नाशिकला आल्यावर पोरांच्या मॅचेस घ्यायला लागला.

इथे गंमत अशी आहे की पोरं चिक्कार, क्लासेस चिक्कार, आईबापांच्या गाड्या लावायला मैदानाबाहेर जागा नाही, आणि रेफ्री मात्र बोटावर मोजण्याएवढे. कोण येणार? ऊन खायचं, शिव्या खायच्या, आणि वर कुणी चहासुद्धा विचारत नाही. मोठ्या मॅचला रेफ्रीबरोबर दोन लाइनमन लागतात, झेंडेवाले. पोरांच्या मॅचला ते कुठून आणायचे? म्हणून गोटीरामची पद्धत ठरलेली. दोन्ही टीमच्या पालकांमधून एकेक जण उचलायचा आणि हातात झेंडा द्यायचा.

एकदा मला दिला. माझा नातू खेळत होता म्हणून मी गेले होते.

"मीनाताई, बॉल लाइनीच्या बाहेर गेला का झेंडा वर करायचा. बाकी काय करायचं नाय."

"बोलायचं?"

"बोलायचं तर बिलकुल नाय."

हे माझ्याच्याने कसं व्हावं? बॉल इकडे येईना, तोवर पलीकडून आमच्या भिशीतली एक जण जाताना दिसली, मी झेंड्यानेच तिला हात केला. पोरं थांबली. गोटीराम धापा टाकत आला. "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, ओळखीची बाई होती." हर्षाली पोट धरून गवतावर बसली. नंतर मात्र मी शिकले हं. चांगला धरायचे झेंडा.

हर्षालीलाही त्यानेच रेफ्री केलं. पोरगी पळायला चपळ, आवाज खणखणीत. मॅचच्या आधी ती खाली बसून बापाच्या गुडघ्यावर नीकॅपचा पट्टा आवळायची, कारण त्याला वाकता येत नव्हतं. "आण्णा, घट्ट झाली का?" "झाली." "खोटं बोलू नका, आण्णा." हे दर रविवारचं.

गेल्या हिवाळ्यात शेजारशेजारच्या दोन मैदानांवर एकाच वेळी मॅचेस लागल्या. येणारे दुसरे रेफ्री आलेच नाहीत. गोटीरामने एक मैदान घेतलं आणि शेजारचं हर्षालीला दिलं. तिची एकटीची पहिलीच मॅच. तिला म्हणाला, "घाबरायचं नाय. कोणी काय त्रास दिला तर लांब शिट्टी मार. मी आलोच."

मी त्याच्या मैदानावर झेंडा घेऊन उभी होते, म्हणून सांगते.

तिकडे तिने एक गोल नाकारला. बरोबर का चूक, ते मला विचारू नका. पण बघता बघता बाप लोक लाइन ओलांडून आत गेले. गॉगलवाले, चांगल्या घरचे. एक जण म्हणाला, घरी जाऊन भाकऱ्या थाप. एकाने तिचा दंड धरून हलवलं. एक आई मोबाइलवर शूटिंग करत होती. मधे ती काळ्या कपड्यातली पोर.

तिने शिट्टी मारली. लांब. श्वास संपेपर्यंत. मग परत मारली.

गोटीरामने ऐकली. मान वळवून बघितलंसुद्धा. मी झेंडा खाली टाकून ओरडले, "भाऊ, पोरगी बोलावतेय."

तो पळतच होता बॉलमागे. म्हणाला, "चालू हाय ना मॅच. हाफटाइम होऊ द्या."

मीच गेले धावत. चपलेचा अंगठा तुटला, तशीच गेले. पण मी पोचेपर्यंत हर्षाली मैदानाच्या बाहेर पडली होती. शिट्टी गळ्यातून काढून तिने गोलच्या जाळीला अडकवली होती. रिक्षात बसताना तिने एकदाच मागे बघितलं. तिचा बाप तेव्हा कॉर्नरकडे हात दाखवत उभा होता.

संध्याकाळी मी त्याला फैलावर घेतलं. तो सोफ्याच्या काठावर बसला होता, कपडेसुद्धा बदलले नव्हते. म्हणाला, "चालू गाडी कंडक्टरनं रस्त्यात सोडायची नसती, मीनाताई. पॅसिंजर असतात आत. दुसरा कोणी असता तर त्याच्या हातात शिट्टी देऊन गेलो असतो. कोणीच नव्हतं."

"पॅसिंजर कसले, पोरं होती ती. जरा वेळ गवतावर बसली असती."

त्याने हाताकडे बघितलं. "हां," म्हणाला. "बसली असती."

त्या दिवसापासून हर्षालीने आण्णा म्हणणं सोडलं. भांडण नाही, आदळआपट नाही. आई, त्यांना वाढ. आई, त्यांना सांग, गॅसवाला आलाय. एकाच खोलीत बसून. मैनावहिनी दोघांच्या मधे निरोप पोचवून दमली. मी जाऊन थट्टा करायचे, पूर्वी हमखास हसायची ती पोर. आताही हसायची, पण बाप आत आला की उठून जायची. गोटीराम रविवारी निघायचा तो शिट्टी न वाजवता. नीकॅप मैनावहिनी बांधायची, तिला जमायचं नाही, गुडघ्यावरून सुटून पोटरीवर यायची.

मला जिन्यात गाठून एकदा म्हणाला, "एकदा तिनं आण्णा म्हणावं, बस. मग शिव्या घातल्या तरी चालंल."

"मग तू आधी बोल की तिच्याशी. माफी माग."

"काय बोलू? तिनं बोलावलं तव्हा गेलो नाय." आणि खाली उतरला, कठडा धरून.

या महिन्यात हर्षालीला पुण्याला नोकरी लागली. जायचा दिवस नेमका रविवार. गोटीरामने सुट्टी मागितली होती, पण दुसरा रेफ्री मिळेना आणि घोटी गावची पोरं मॅचसाठी पहाटेच टेम्पोत बसून निघालेली. गेला मग. मैनावहिनीने पोरीला हातापाया पडून सांगितलं, स्टँडवर जाताना मैदानावरून जा, त्यांना भेट.

मी झेंडा घेऊन उभी होते. मॅच जोरात चालली होती. रिक्षा येऊन थांबली आणि हर्षाली बॅग रिक्षातच ठेवून माझ्याजवळ लाइनीवर येऊन उभी राहिली. गोटीरामने बघितलं.

त्याने शिट्टी मारली. लांब. पोरं जिथल्या तिथे थांबली. घोटीचा एक पोरगा गोलसमोर एकटा होता, त्याने कपाळाला हात लावला. सगळी नोकरी आणि सगळं रेफ्रीपण मिळून त्या माणसाने पहिल्यांदा चालू गाडी थांबवली असेल. लंगडत लंगडत तो लाइनीपर्यंत आला.

हर्षालीने विचारलं, "काय झालं? कुणाला लागलं का?"

"नाय. तू आली ना, म्हणून."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग मैदानाकडे, थांबलेल्या पोरांकडे. तिचे ओठ हलले, मला वाटलं, आता म्हणेल. मी, जिला देवळातसुद्धा गप्प बसवत नाही, मी श्वास रोखून उभी होते.

"आता थांबवलीत," ती म्हणाली.

त्याच्या तोंडावरून घाम गळत होता, तो पुसलासुद्धा नाही. मग म्हणाला, "गाडीत मागच्या चाकावरची सीट घेऊ नको. हादरे बसत्यात."

"माहितीये."

"पुढून खिडकी बघ."

"हो." तिने खाली बघितलं. "नीकॅप सरकलीये तुमची."

"सरकू दे."

ती वाकली नाही. म्हणाली, "जा तुम्ही. पोरं उभी आहेत." मला मिठी मारली, गाल माझ्या गालाला लागला तो ओला होता, आणि रिक्षाकडे गेली.

गोटीराम मैदानाच्या मध्यावर परत गेला. बॉल हातात घेतला. रिक्षा वळेपर्यंत तिकडेच बघत होता, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मीनाताई, बॉल कोणाकडं होता?"

मला काय माहीत. मीही तिकडेच बघत होते.

"सर, आमच्याकडे होता," घोटीचा तो पोरगा म्हणाला. दुसऱ्या टीमचं कुणी भांडलं नाही. गोटीरामने बॉल त्याच्या पायाजवळ सोडला आणि शिट्टी तोंडात धरली. वाजवायला त्याला जरा वेळ लागला.