बंदुकीच्या परवान्याची घाई

आबांना बंदूक हवी होती ती कान वाचवायला. हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी पुन्हा सांगायला लावलं, म्हणून नीट सांगते. माझे वडील गुजरातेत, बमरोलीला पॉवरलूमवर कामाला होते. लूमच्या खडखडाटाने डावा कान गेलाच होता, उजवा जायच्या बेतात होता. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं तरी ऐकू यावं असं वाटत असेल तर लूम सोडा. त्याच सुमाराला कतारगामच्या एका हिऱ्यांच्या कारखान्याला गनमॅन हवा होता. आबा पूर्वी गावाकडे होमगार्डमध्ये होते, त्यामुळे बंदूक कुठल्या बाजूने धरायची हे त्यांना ठाऊक होतं. बारा बोअरची दुनळी कारखान्याचा सेठ घेऊन देणार होता, परवाना तेवढा आबांच्या नावाचा लागणार होता. दारात स्टुलावर बसायचं, आवाजाचं नाव नाही. बंदुकीचा आवाज होऊ नये म्हणूनच तर बंदूक ठेवायची, असं सेठचं म्हणणं होतं.

परवान्याला तेव्हा फार वेळ लागायचा. ज्याला जवानीत बंदूक हवी त्याने लहानपणीच अर्ज करावा, असा एकंदर हिशोब होता. सेठ म्हणाला, थांबतो, पण दिवाळीपर्यंतच. आम्ही अर्ज केला आणि गप्प बसलो. गप्प बसणं हा आईचा नियम होता. काम होण्याआधी चार लोकांत बोललं की त्याला दृष्ट लागते, असं तिचं पक्कं मत होतं. पोलीस चौकशीला येतील तेव्हा शेजाऱ्यांना आयत्या वेळी सांगू, असं ठरलं.

पण कलेक्टर कचेरीत नवे साहेब आले. बंदुकीचे अर्ज पडून राहता कामा नयेत, चौकशी आठवड्यात झाली पाहिजे, असा त्यांनी हुकूम काढला. सरकार सुधारलं की ते आधी कोणाला तरी गाठतं. यावेळी आम्हाला गाठलं.

हवालदार आला त्या दुपारी आबा कामावर होते. मी आणि आई घरी लेस लावलेल्या साड्या व्यापाऱ्याला द्यायला गेलो होतो. आमची चाळ म्हणजे खोल्यांची एक लांब ओळ, निम्मी खानदेशातली, बाकी मराठवाडा-विदर्भातली. लूमचा संप झाला तेव्हापासून चाळीत एक रीत पडली होती. पोलीस कोणाचंही नाव घेऊन आला की तो माणूस इथे राहत नाही. का विचारतोय, हे कोणी विचारायचं नाही. नळावरच्या बाईने राहत नाही म्हणून सांगितलं, किराणावाल्यानेही तेच सांगितलं. आमच्याच भिंतीपलीकडचे म्हातारेबाबा तर म्हणाले, ही खोली कधीची बंदच आहे. आमचे कपडे तेव्हा दारातल्या दोरीवर वाळत होते.

संध्याकाळी सगळे आमच्याकडे आले. एवढा आनंद चाळीत गणपतीलाही नसायचा. म्हातारेबाबा आबांच्या उजव्या कानाशी ओरडले, "भाऊ, पोलीस उना व्हता. समदासनी सांगी दिधं, या नावना मानूस आठे र्‍हासच नही. तू भुसावळनी गाडी धर आनि गावले निंघी जाय!" त्यांच्या सुनेने गाडीत खायला भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून आणला होता. आबांनी काय केलंय, हे तिनेही विचारलं नाही. आबा त्या पुरचुंडीकडे बघत राहिले. मग आम्ही ती भाकरी खाल्ली. ठेचा चांगला होता.

उत्तरही झटपट आलं. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, सबब अर्ज नामंजूर. हे पत्र पोस्टमनने दिलेल्या पत्त्यावर अचूक आणून दिलं आणि आबांची सही घेतली.

मी आबांना घेऊन पोलीस ठाण्यात गेले. मला गुजराती येत होती आणि आबांच्या कानाशी ओरडायला कोणीतरी हवंच होतं. ठाण्याचा साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने कागद बघितले, रेशनकार्ड बघितलं, हवालदाराला बोलावलं. म्हणाला, सोपं आहे. या शेजाऱ्यांनी पोलिसांना खोटं सांगितलं असं लिहून द्या, मी आजच्या आज रिपोर्ट बदलतो. वरून घाईच आहे.

मी ते आबांना ओरडून सांगितलं. आबांनी विचारलं, त्या लोकांचं काय होणार? साहेब म्हणाला, काही नाही, दोन दिवस इथे आणून बसवू. पुन्हा खोटं बोलणार नाहीत.

मी आबांना म्हटलं, लिहून द्या. मनापासून म्हटलं. त्या बिनडोक माणसांचा मला इतका राग आला होता की म्हाताऱ्याला मी स्वतः रिक्षाने आणून बसवलं असतं. दिवाळी तोंडावर आली होती. आबांचा उजवा कान मला त्या टेबलावर ठेवल्यासारखा दिसत होता.

आबा आपल्या त्या लूमवरच्या मोठ्या आवाजात, सगळ्या ठाण्याला ऐकू जाईल असं बोलले, "साहब, वो लोक बराबर बोला. मैं वहाँ नहीं रहता."

हवालदार छताकडे बघायला लागला. साहेबाने रेशनकार्ड पुन्हा उघडलं, मिटलं, आणि माझ्याकडे वळून गुजरातीत विचारलं, "आणि तू? तू कुठे राहतेस?"

मला रडू येत होतं आणि संतापही आवरत नव्हता. मी टेबलावरचं रेशनकार्ड उचललं आणि सांगितलं, "यांच्याबरोबर."