हारूनचाचांच्या भिंतीवरचा रिकामा खिळा

हारूनचाचा जळालेल्या मोटरला आधी हुंगायचे. शेतकरी घाईत असायचा, टेम्पोवाला भाड्यासाठी खोळंबलेला असायचा, आणि हे गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून, झाकण काढून, मोटरीत नाक खुपसून उभे. मग सावकाश मान वर करून विचारायचे, "कसामुये जळनी?"

"चाचा, जळनी म्हनीसन तं तुमनाकडे लई उनू," शेतकरी वैतागून म्हणायचा.

"जळनी ते माले बी दिसी ऱ्हायनं. कसामुये जळनी, ते सांग."

मग त्या 'कशामुळे'ची चौकशी सुरू. मोटर कधी चालू केली होती, घरातला दिवा मंद झाला होता का, विहिरीत पाणी किती होतं, आणि जळण्याच्या आधी मोटर काय बोलली. हा शेवटचा प्रश्न ते अगदी गंभीरपणे विचारायचे. दवाखान्यात आईला मुलाबद्दल विचारावं, तसं. धुळ्यात मोटर वाइंडिंगची इतर दुकानं संध्याकाळपर्यंत काम करून देत. चाचांकडे तीन दिवस लागायचे. त्यामुळे पहिल्यांदा मोटर जळलेला माणूस त्यांच्याकडे फारसा येत नसे. दुसऱ्यांदा जळलेला मात्र हमखास यायचा.

आम्ही धुळ्यातल्याच देवपूरचे. पांझरा नदीचा पूल ओलांडून गावात शिरलं की एका अरुंद गल्लीत त्यांचं दुकान होतं. आत एक मोडका पंखा (हो, वाइंडिंगवाल्याच्या दुकानातला पंखाच मोडका), वार्निशचा डोकं धरायला लावणारा वास, आणि समोरची अख्खी भिंत खिळ्यांनी भरलेली. प्रत्येक खिळ्याला जळालेल्या तांब्याच्या तारेची एक कॉइल, आणि तिला चहाच्या पुड्याच्या खोक्यातून कापलेली एक चिठ्ठी. चाचा उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, पण गिऱ्हाइकाला वाचता यावं म्हणून चिठ्ठी मराठीत लिहायचे. अक्षरं मोठी आणि एकमेकांपासून रुसून बसलेली. "एक फेज गेला." "पाणी नव्हतं." "उंदीर." दोन-तीन चिठ्ठ्यांवर नुसतं "हारून चुकला." आणि काही चिठ्ठ्या कोऱ्या.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रकल्पासाठी विषय हवा होता, आणि खानदेशात मोटरी का जळतात हा विषय मला एका सुट्टीच्या दिवशी उगाचच सुचला होता. वही-पेन घेऊन मी चाचांच्या दुकानात जाऊन उभी राहिले.

"कॉलेजात मोटर नाही का?" त्यांनी विचारलं.

"आहे. पण ती चांगली आहे."

ते हसले. "चांगली मोटर काय सांगणार बेटा? ती तर नुसती फिरते."

पहिले आठ दिवस त्यांनी मला एक शब्द सांगितला नाही. जळालेल्या मोटरीतून तारा उपसायच्या, एवढंच काम. हात काळे, नखं काळी, ओढणीला वार्निश. आई म्हणाली, हर्षदाला इंजिनिअर करायला पाठवलं होतं की कल्हईवाली? नवव्या दिवशी चाचांनी एक कॉइल माझ्या हातात दिली आणि विचारलं, "हिला काय झालं?" मी सांगितलं, ते चुकलं. त्यांनी दुसरी दिली. तीही चुकली. पाचवीला ते म्हणाले, "आता चहा पी." मला वाटलं, मी पास झाले.

पास कसली. चार महिन्यांनी मी माझा अहवाल छापून आणला. रंगीत आकृत्या, चकचकीत पुठ्ठा, आणि सोबत पेढ्यांचा पुडा. चाचांनी पेढे बाजूला ठेवले आणि तक्त्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचायला सुरुवात केली. भिंतीवरच्या सगळ्या कॉइली त्यात होत्या. एका जागी बोट थांबलं.

"ह्या सात 'ओव्हरलोड' कोणी सांगितल्या?"

त्या सात कॉइलींच्या चिठ्ठ्या कोऱ्या होत्या. तक्ता अर्धवट दिसत होता म्हणून मी अंदाजाने भरल्या होत्या. तसं मी सांगितलं. त्यात मला काही विशेष वाटलंही नव्हतं, आमच्या वर्गात सगळेच भरायचे.

चाचा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शिडी लावली, वरच्या रांगेतली एक कॉइल उतरवली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "ही सुपडूभाऊची. शिरपूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी शेत आहे त्याचं. सोलरवर चालणारी मोटर. तीनदा जळाली, तिन्ही वेळा एकाच जागी, वाइंडिंगच्या पहिल्या वेढ्यांत. मी तीनदा भरून दिली. लोड बरोबर, पाणी बरोबर, मीटरवर व्होल्टेज बरोबर. मला समजलं नाही. तुला समजलं?"

"नाही."

"मग उद्या कोणी तुझं पुस्तक वाचून त्याला सांगेल, लोड कमी कर. तो बिचारा कमी पाणी काढेल, कपाशी वाळवेल, आणि मोटर पुन्हा जळेल." मग जरा थांबून म्हणाले, "कोरी चिठ्ठी दिसते बेटा. येणारा-जाणारा विचारतो, हिचं काय झालं? खोटी चिठ्ठी कोणी विचारत नाही."

मी सगळा अहवाल पुन्हा छापला. सात ओळींपुढे लिहिलं, "कारण समजलेलं नाही." परीक्षकांनी विचारलं, "मग चार महिने केलं काय?" गुण कापले गेले. घरी येऊन मी रडले, आणि चाचांवर मनातल्या मनात चांगलंच तोंडसुख घेतलं. आज त्या कापलेल्या गुणांबद्दल मी त्यांची जितकी ऋणी आहे, तितकी मिळालेल्या गुणांबद्दल कोणाचीच नाही.

पुढच्या वर्षी परदेशी शिकायला जायचं ठरलं. अर्ज गेले आणि दोन ठिकाणांहून होकार आला. एक इंग्लंडमधलं नामांकित विद्यापीठ, जिथे एका वर्षात बारा विषय शिकून पदवी मिळणार होती. दुसरं कॅनडातलं, ज्याचं नाव आमच्या घरात कोणाला धड उच्चारता येईना. तिथे दोन वर्षं, विषय चारच, आणि बाकी सगळा वेळ एका प्रयोगशाळेत एकाच प्रश्नामागे: तारेवरचं वेष्टण म्हातारं कसं होतं आणि का फाटतं. जळगावच्या ज्या सल्लागाराकडून आम्ही अर्ज भरले होते, त्याला दोन्ही पत्रं दाखवून मी कुठे जाऊ विचारलं, तर त्याने चमकून वर पाहिलं. "मॅडम, पहिल्याला नाही म्हणणारी माणसं मी अजून पाहिली नाहीत." परतीच्या एसटीत आबा म्हणाले, "लोक नाव विचारतात बाई, विषय नाही विचारत." आबा हायस्कूलात भूगोल शिकवायचे. मुलीचं विद्यापीठ नकाशात बोट ठेवून दाखवता यावं, एवढीच त्यांची हौस होती आणि ती काही वाईट नव्हती.

मला संशोधन करायचं होतं, असं मी गावभर सांगत होते. पण खरं सांगायचं तर संशोधन म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं, आणि त्या मोठ्या नावाचा मोह मला आबांपेक्षा काकणभर जास्तच होता. होकार कळवायला दोन दिवस उरले असताना मी चाचांकडे गेले आणि दोन्ही पत्रं त्यांच्यापुढे ठेवली.

"मी नाही सांगणार," ते म्हणाले. "माझ्या सांगण्यावरून गेलीस आणि तिकडे जळालीस, तर चिठ्ठीवर माझं नाव येईल."

"सांगू नका. विचारा तरी."

ते खुश झाले. विचारायला त्यांना कधीच कंटाळा नसे. "पहिल्या ठिकाणी काय देणार तुला?"

"बारा विषय."

"त्यांची उत्तरं त्यांना येतात?"

"म्हणजे काय, येणारच. शिकवतात ते."

"आणि दुसऱ्या ठिकाणी?"

"चार विषय. आणि एक प्रश्न."

"त्याचं उत्तर त्यांना येतं?"

"नाही."

चाचांनी तार ओढली आणि ते वेढे मोजायला लागले. समोरच्या भिंतीवर सात कोऱ्या चिठ्ठ्या पंख्याशिवायच हलत होत्या. घरी जाऊन मी इंग्लंडला नकार कळवला. आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतून कॅनडाचा मोठा नकाशा आणला आणि उच्चार विचारला.

निघण्याच्या आदल्या दिवशी चाचांनी मला सुपडूभाऊची कॉइल दिली. कोऱ्या चिठ्ठीसकट, उर्दू वर्तमानपत्रात गुंडाळून. विमानतळावर बॅग उघडून त्या जळक्या तारेबद्दल मला बरंच काही विचारण्यात आलं. सुरक्षारक्षकाला मी सांगितलं की ही मी शिकायला घेऊन चालले आहे. त्याने माझ्याकडे आबांसारखंच पाहिलं.

तिथली पहिली थंडी मी कशीबशी काढली. प्राध्यापक भले होते, पण रोज एकच विचारायचे, आणि इंग्रजीत का होईना, ते "कसामुये" असायचं. दुसऱ्या वर्षी मला एक धागा सापडला. सोलरच्या पाट्या आणि मोटर यांच्या मधला डबा मोटरला वीज सलग देत नाही, अतिशय वेगाने तुकडे करून देतो. प्रत्येक तुकड्याचा धक्का वाइंडिंगच्या पहिल्या वेढ्यांवर बसतो. साध्या मीटरला तो दिसतही नाही. मी आनंदाने धुळ्याला फोन लावला. माझ्याकडे सकाळ होती, तिकडे दुकान बंद करायची वेळ.

"पहिल्या वेढ्यातच का?" चाचांनी विचारलं. मी सांगितलं.

"मीटरवर का नाही दिसलं?" तेही सांगितलं.

"सुपडूच्या बांधाला बांध लागून वामनचं शेत. तोच डबा, तीच मोटर, एकाच महिन्यात घेतलेली. त्याची का नाही जळत?"

मी वहीची पानं पुढे-मागे उलटली.

"मग राहू दे कोरी," ते म्हणाले. बोलताना त्यांना धाप लागत होती. वार्निशने छाती धरली होती, पण त्याबद्दल ते बोलले नाहीत.

माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण म्हणजे हारूनचाचांचा तो तिसरा प्रश्न. तो त्यांनी विचारला नसता तर मी अर्धं उत्तर पूर्ण म्हणून छापलं असतं, पुन्हा एकदा. उत्तर तारेच्या लांबीत असावं, असं मला हळूहळू वाटू लागलं. डब्यापासून मोटरपर्यंतची तार लांब असली की धक्का मोटरीच्या तोंडाशी आदळतो, उसळतो आणि क्षणभर दुप्पट होतो. मी चाचांच्या मुलाला, सलीमभाईंना, टेप घेऊन शिरपूरकडे पाठवलं. वामनचा डबा विहिरीला लागून होता. सुपडूभाऊंनी चोरीच्या भीतीने आपला डबा थेट घराच्या भिंतीला लावला होता, विहिरीपासून दोनशे पावलांवर. माप ऐकून चाचा सलीमभाईंना म्हणाले होते, "लिहू नको अजून. तिला सांगू दे."

प्रयोगशाळेत तेवढ्या लांबीची तार पसरून मी चाचणी लावली. ती चालू असतानाच सलीमभाईंचा फोन आला. चाचा गेले होते. मी यंत्र बंद केलं नाही. बाजूला बसून रडले आणि दर तासाला उठून नोंद करत राहिले, कारण मध्येच सोडलं असतं तर त्यांना ते अजिबात आवडलं नसतं. अकराव्या दिवशी वेष्टण फाटलं. पहिल्या वेढ्यात.

पदवी घेऊन धुळ्याला आले, ते घरी सामान टाकून सरळ पूल ओलांडून दुकानात गेले. तिथे आता पंखा चालत होता. बाकी सगळं तसंच. सलीमभाईंनी चहा मागवला. मी ती कॉइल बाहेर काढली, चिठ्ठीवर शक्य तितक्या मोठ्या अक्षरात लिहिलं, "तार लांब. डबा विहिरीजवळ घ्या," आणि त्यांच्या हातात दिली.

"पक्कं?" त्यांनी विचारलं.

"पक्कं."

त्यांनी शिडी लावून दिली. मी वर चढले. वरच्या रांगेतला तो खिळा रिकामा नव्हता. त्याला चहाच्या खोक्याची एक चिठ्ठी लावलेली होती, कडा पिवळ्या पडलेली. तीच मोठी, रुसलेली अक्षरं.

"हर्षदा घेऊन गेली. जवाब येणार आहे."

"ही कधी लावली त्यांनी? मी फोन केला तेव्हा?" मी शिडीवरूनच विचारलं.

"नाही," सलीमभाई खालून म्हणाले. "तुम्ही गेल्या, त्याच दिवशी."

त्या दिवशी तर मला काहीच येत नव्हतं. मी तिकडे टिकते की नाही, परत येते की नाही, हे आबांनाही सांगता आलं नसतं. आणि खात्री असल्याशिवाय ज्या माणसाने उभ्या आयुष्यात चिठ्ठीवर एक अक्षर लिहिलं नाही, त्याने हे लिहून ठेवलं होतं.