चाकातलं शेंडेफळ

मामांना सगळे मामा म्हणत, ते काही कुणाच्या आईचे भाऊ म्हणून नव्हे. दोनशे उंदरांची देखभाल ज्याच्या गळ्यात, त्याला दुसरं काय म्हणणार? बावीस वर्षं प्रयोगशाळेत पिंजरे धुतलेला माणूस. अंगानं असा ऐसपैस, की झाडूवाली म्हणायची, "मामा, तुम्हाला चाकात बसवायला नको. तुम्ही बाहेरच दुप्पट आहात." मामा पोट हलवून हसायचे.

चाक म्हणजे खोलीभर पसरलेले चार लोखंडी हात आणि प्रत्येकाच्या टोकाला एक पिंजरा. ते गरगर फिरायला लागलं की आतल्या जिवाचं वजन दुप्पट होई. जन्मल्यापासून असं दुप्पट ओझं वागवणाऱ्या पिल्लाचा मेंदू तोल सांभाळायला कसा शिकतो, हे संशोधक बाईंना बघायचं होतं. रोज सकाळी चाक दहा मिनिटं थांबे. तेवढ्यात मामांनी पाणी भरायचं, खाणं टाकायचं, ओला भुसा कडेकडेनं काढायचा. पिल्लांना मात्र बोट लावायचं नाही, ही सक्त ताकीद.

तिसऱ्या पिंजऱ्यात आठ पिल्लं झाली. सातजण आईला चिकटून. आठवं, सगळ्यात बारकं, घसरून कोपऱ्यात पडलेलं. आईला स्वतःचंच अंग उचलेना, ती त्याला कुठली ओढणार? मामा चार भावंडांत धाकटे, दूध शेवटी मिळालेले. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि बोटानं पिल्लाला हळूच आईखाली सरकवलं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कोपऱ्यात. पुन्हा बोट. असं अकरा दिवस चाललं. घरी बायकोला सांगताना ते 'आपलं शेंडेफळ' म्हणायला लागले. ती म्हणाली, "माझी दोन बाळंतपणं झाली तेव्हा हे बोट कुठं होतं?"

बाराव्या दिवशी परीक्षा. पिल्लाला उताणं ठेवायचं आणि ते किती वेळात पालथं होतं ते घड्याळात बघायचं. चाकातली बाकीची पिल्लं पाय झाडत राहिली. शेंडेफळ दोन सेकंदांत पालथं. बाईंना खुर्चीत बसवेना.

"मामा, बघितलंत? या बारक्याच्या मेंदूनं ओझं पचवलं. सगळा प्रयोग यानं फिरवला."

मामा 'हो' म्हणाले, आणि त्या दिवशी घरी नुसतं ताट चिवडत बसले.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"बाईंना खोटं कळलंय. माझ्यामुळं."

"मग सांगून टाका. पोटात ठेवून पोट काही कमी होणार नाही."

सकाळी त्यांनी सांगितलं. बाईंनी वही उघडली.

"किती वेळा?"

"रोज एकदा. अकरा दिवस."

"मामा, लहानपणी नुसता हात लागला तरी पिल्लाचा मेंदू वेगळा वाढतो. आता हे चाकामुळं झालं की तुमच्या बोटामुळं, कसं ठरवू? हे पिल्लू प्रयोगातून बाद."

"बाद ना? मग मी घरी नेतो. पिंजरा आहे माझ्याकडं."

"इथला प्राणी बाहेर नेता येत नाही. बाद झालेलं ठेवतही नाहीत, तुम्हाला माहीत आहे."

मामांना माहीत होतं. बावीस वर्षं त्यांनीच ते रिकामे पिंजरे धुतले होते.

"आणि मी गप्प बसलो असतो तर?"

बाईंनी चष्मा काढला. "एकविसाव्या दिवशी मेंदू काढून बघायचा होताच. तुम्ही फार तर आठ दिवस वाचवले असते."

शेंडेफळाला मामांनी स्वतः गॅसच्या खोक्यात ठेवलं. त्याआधी ते मुठीत उताणं झालं आणि लगेच पालथं.

महिन्याभरानं चाकात नवी पिल्लं आली. सकाळी चाक थांबलं. मामांनी पाणी भरलं, खाणं टाकलं, भुसा काढला. दुसऱ्या पिंजऱ्यात एक बारकं घसरून कोपऱ्यात पडलेलं. अजून तीन मिनिटं उरली होती. मामांनी हात पाठीमागं नेले, एकानं दुसऱ्याचं मनगट धरलं आणि चाक सुरू व्हायची घंटा होईपर्यंत तसेच उभे राहिले.