दीडशे जणांत जुमाकादिर

डोंगरातल्या अत-बाशी गावाच्या वरच्या कुरणात जुमाकादिरच्या बावीस मधपेट्या होत्या. बायको गुल्सून मुलीच्या बाळंतपणाला म्हणून मॉस्कोला गेली, ती नातवात अडकून तिकडेच राहिली. उन्हाळाभर चाकांवरच्या लाकडी खोलीत तो, कुत्रा आणि मोबाइल. मोबाइलवर मधपाळांचा ग्रुप होता, दीडशे जणांचा. कुणाच्या राणीमाशीबद्दल, कुणाच्या सुनेबद्दल दिवसभर गप्पा चालत. चहा पिता पिता तो सगळं वाचायचा, आणि मधूनच एखादी कोपरखळी मारायचा.

अशीच एक महागात पडली. ग्रुप चालवणाऱ्या मेदेरने मधाच्या बरणीचा फोटो टाकला. जुमाकादिरने लिहिलं, "आपल्याकडचा पांढरा मध लोण्यासारखा घट्ट, हा एवढा पातळ कसा रे? माशांना साखर पाजलीस काय?"

कुणी हसलं नाही. त्या दिवसापासून जुमाकादिरच्या सलामाला उत्तर येईना. चारच दिवसांत त्याने माफी मागितली. तीही नुसती वाचली गेली.

जुलैत त्याच्या माशा पेट्यांपुढे सरपटू लागल्या. पंख चुरगळलेले, उडता येईना. त्याने फोटो टाकून विचारलं, "हे काय आहे? कुणी सांगा." दुपार टळून गेली तरी शुकशुकाट. संध्याकाळी मेदेरच्या मेव्हण्याने तसाच फोटो टाकला, आणि उत्तरांची रीघ लागली. गोचिडी लागल्यात, अमुक औषधाच्या पट्ट्या टांग, पिल्लांच्या चौकटी काढून टाक, घाबरू नकोस, उद्या मी येतो.

जुमाकादिरने ते सगळं वहीत उतरवून घेतलं. सकाळी नारीन शहरात जाऊन पट्ट्या आणल्या. सोळा पेट्या वाचल्या. त्याने ग्रुपवर लिहिलं, "तुमच्यामुळे वाचल्या, भावांनो." खाली कुणीतरी खरबुजाचा फोटो टाकला.

सप्टेंबरात ग्रुप एकदम गप्प झाला. मध काढायची घाई असेल, असं त्याला वाटलं. बाजारात तालाय भेटला. पूर्वी दोघं एका गाडीतून पेट्या न्यायचे.

"ग्रुपवर कुणी बोलत नाही हल्ली," जुमाकादिर म्हणाला.

तालाय पोत्याची गाठ सोडत राहिला. "आम्ही नवीन काढलाय, जुमा आके. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"नाही. मला घेता येईल?"

"मेदेरला विचारावं लागेल."

"मग राहू दे."

रविवारी गुल्सूनचा फोन आला. बाळाला दात येत होते, मागून त्याचं रडणं ऐकू येत होतं. "एकटे बसून असता की कुणाशी बोलता?" तिने विचारलं.

"बोलतो की. ग्रुपवर दीडशे माणसं आहेत. तुझीसुद्धा चौकशी करतात."

"त्यांना माझा सलाम सांगा."

फोन ठेवल्यावर त्याने खरंच ग्रुप उघडला आणि लिहिलं, "गुल्सूनने सगळ्यांना सलाम सांगितलाय." मग तो पेट्यांभोवती थंडीसाठी लोकरीचा जाड नमदा गुंडाळायला बाहेर पडला.