जामसिंगचे गुडघे

जामसिंगला उभं राहून वल्हं मारताना बघावं. पाण्यावर तरंगत्या फळीवर पाय रोवलेले, पाठ ताठ, जणू गावातल्या रस्त्यानं चाललाय. आणि खरंच, त्या पाण्याखाली त्याच्या गावाचा रस्ताच आहे.

धरणाचं पाणी नर्मदेतून मागं चढलं, शेत गेलं, घर डोंगरावर सरकलं. मग शहाद्याच्या कुंदनशेठनं काठावर तंबू ठोकले आणि संध्याकाळी पाहुण्यांना फळ्यांवर उभं करून फिरवायचं काम जामसिंगला दिलं. बाहेर नदीवर वारा सुटतो, पण दोन डोंगरांच्या मधल्या या खाडीत पान हलत नाही. म्हणून शहरातली माणसंही पहिल्याच दिवशी उभी राहतात.

पण खाडीच्या मध्यावर आलं की जामसिंग सगळ्यांना गुडघ्यावर बसवायचा. म्हणायचा, इथं वारा येतो, पडाल.

वारा कसला! खाली त्याच्या बापाचा गाता होता. मेलेल्या माणसाच्या नावानं दगड रोवतात, त्यावर घोडेस्वार कोरतात, तो गाता. एकदा रोवला की हलवायचा नाही. त्याच्यापुढून ताठ जायचं नाही. बसायचं, मोहाच्या दारूची धार सोडायची, मग पुढं. गाता बुडाला म्हणून रीत थोडीच बुडते? जामसिंग जाकिटात लपवलेल्या बाटलीतून हात धुतल्यासारखं करून धार सोडायचा. समोरच्या उतारावर त्याची आई, कमलीबाई, शेळ्या घेऊन उभी असायची. पोरगा बसला की मगच शेळ्या घराकडं वळवायची.

ती काठ सोडायला तयारच नव्हती. बुडालेल्या शेताच्या बदल्यात सपाटीवरच्या वसाहतीत जमीन मिळालेली, तिकडं पाऊल टाकलं नाही. जामसिंगचे सगळे दोस्त गुजरातला ऊसतोडीला गेले. हे काम सुटलं असतं तर त्यालाही त्याच ट्रकमध्ये चढावं लागलं असतं, आणि उतारावर म्हातारी एकटी.

एकदा कुंदनशेठ स्वतः फळीवर आला. मध्यावर सगळे बसले तसं त्यानं बोट ओलं करून वर धरलं.

"आठे वारा कोठे शे रे, जामसिंग?"

पाहुणे हसले. अख्ख्या नदीत वारा नसलेली एकच जागा, आणि ह्यानं निमित्त काढलं वाऱ्याचं. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं. शेठनं बजावलं, उद्या ड्रोननं फोटो काढायचेत, मध्यावर सगळे उभे पाहिजेत. जमत नसेल तर खापर गावचा एक पोरगा तयारच आहे.

सकाळी जामसिंगनं आईला सांगितलं, आज येऊ नकोस. संध्याकाळी ती रोजच्यापेक्षा लवकर आली.

ड्रोन डोक्यावर गुणगुणायला लागला. मागं डोंगराआड चाललेला लाल सूर्य, फळ्यांवर सगळे ताठ, जामसिंगही ताठ. दातांवर दात दाबून उभा राहिला. मग गुडघे आपोआप मोडले. शेजारच्या फळीवरची बाई घाबरली, दादा काय झालं म्हणून.

"खाली माझा बाप आहे," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. एकेक करून सगळे खाली बसले. जामसिंगनं बाटली उघड्यावर काढली आणि धार सोडली.

काम गेलं, हे धरूनच त्यानं फळ्या धुतल्या, वल्ही उभी केली, गळ्यातली शिट्टी काढून शेठपुढं धरली. शेठनं ती परत त्याच्या गळ्यात घातली.

"हाई पहिले काबर नही सांगं?"

आता पाहुणे त्याच्यासाठीच येतात. ड्रोननं टिपलेलं ते बसणं मोबाईलवर बघून येतात. फक्त मध्यावर डोंगराची सावली पडते, फोटो काळा येतो, म्हणून शेठनं बसायची जागा पुढं नेली, उन्हात. तिथं पाण्याखाली कधी कुणाचं काही नव्हतं. तिथं जामसिंग रोज गुडघ्यावर बसतो, रोज बाप आहे म्हणतो, बाटलीतून पाणी ओततो. एकदा तो खऱ्या जागीच बसला. पाहुण्यांनी मोबाईल काढले, आणि पुढं उन्हात गेल्यावर म्हणाले, आता पुन्हा एकदा.

"तिथं कुणापुढं बसतोस?" कमलीबाईनं एवढंच विचारलं. आता ती शेळ्या डोंगराच्या पलीकडं नेते.

खरी जागा येते तेव्हा जामसिंग उभाच असतो. वल्हं तेवढं पाण्यातून वर उचलतो. फळी आपली आपण पुढं सरकत राहते.