पाइपावरची चार बोटं

“बोटां लावू नको रे!” जामसंड्यातल्या आमच्या फिटरचं गिऱ्हाइकाशी पहिलं बोलणं हेच. या-बसा नंतर.

कारण सांगतो. इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नव्या पाइपाला हाताचं तेल लागलं, की गाडी तापल्यावर डाग भाजून कायमचे बसतात. म्हणून गाडी चालू करण्याआधी तो पाइप फडक्याने पुसून काढायचा. एकदा माझ्या बायकोने सहज बोट लावलं, तर म्हणाला, “वयनी, तुमच्या पापडार मी हात पुसतंय काय?”

यंदा आंब्याच्या तोंडावर माझ्या जुन्या पिकअपचा हा ओतीव पाइप तडकला. त्याच्या जागी मी हट्टाने कोल्हापुराहून चार नळ्यांचा स्टीलचा पाइप, हेडर, आणला. भरली गाडी घाट चढायला हवी. फिटर हसला. “म्हाताऱ्या, विमान उडवतलस?”

त्या दिवशी त्याचा मुलगा आला होता. साखरेच्या आजाराने फिटरची बोटं बधिर झालेली. गॅरेज बंद करून बापाला आपल्याकडे दोडामार्गला न्यायचं, असं मुलाचं ठरलेलं.

“ह्या एक काम बघ,” फिटर त्याला म्हणाला. “जमला नाय, तर चावी तुझी.”

नट बोटांतून सुटायचा. खाली वाजला, की मगच त्याला कळायचं. मुलाचं लक्ष नसताना मी तो उचलून फिटरच्या तळहातावर ठेवायचो.

फिटरने हेडर बसवला, आवळला, पुसला. मी गाडी चालू करून खाली उतरलो. आवाज एकसारखा. इंजिन तापल्यावर तो जोडांवरून हात फिरवू लागला, धूर कुठे निसटतो का बघायला. एरवी हात वीतभर लांब असायचा.

“बघ रे, खंयच गळत नाय!” तो मुलाकडे बघून म्हणाला.

वास आला. मला वाटलं, रबर जळतंय.

“बाबानू, हात! हात काढा!” मुलगा ओरडला.

बोटं पाइपाला टेकली होती. फिटर अजून मुलाकडेच बघत होता.

मी जाऊन गाडी बंद केली. मुलाने पुसायच्या फडक्यातच तो हात गुंडाळला. फिटरने दुसऱ्या हाताने खिशातली गॅरेजची चावी काढून त्याला दिली. मग मला विचारलं, “काम बरा झाला मा?”

“झाला,” मी म्हटलं.

पावसात तो दोडामार्गलाच वारला. मी गेलो नाही. गाडीत सिमेंट भरलेलं होतं.

फोंडाघाट चढलो, की मी बॉनेट उघडून गाडी थंड करतो. पाइप कुठेच गळत नाही. त्यावर चार बोटं उमटलेली आहेत, काळी. परवा तिथला चहावाला बघायला वाकला. त्याने हात पुढे केला.

“बोटां लावू नको रे,” मी म्हटलं.