महिपती रोकड्यांचा गुण्या

अंबरनाथच्या एका कारखान्यात महिपती रोकडे यंत्रं पाठवायची लाकडी खोकी बनवत असे. कोपरा काटकोनात आहे की नाही हे तो नुसत्या नजरेनं सांगे, आणि मग पिशवीतून गुण्या काढून ते दाखवून देई. शिसवीचा दांडा, त्यात आडवी बसवलेली पोलादी पट्टी. हा गुण्या बदलापूर गावातल्या बाळाजी सुतारांचा. बौद्धवाड्यातल्या पोराला रंधा धरू देऊ नये असं गावात कुणी लिहून ठेवलं नव्हतं. पण शिकवायलाही कुणी बसवत नव्हतं. बाळाजींनी महिपतीला ओटीवर बसवून शिकवलं, आणि हात थकले तेव्हा आपला गुण्या त्याच्या स्वाधीन केला.

अठ्ठ्याऐंशी साली कारखान्यानं चक्री करवतीचं टेबल घ्यायचं ठरवलं. चिंतामणी साहेब म्हणाले, "रोकडे, मशीन तुम्ही निवडायचं. मी फक्त सही करणार."

दोघं उल्हासनगरला लेखराजच्या वर्कशॉपात गेले. लेखराज म्हातारा, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्याचा फिटर भगवंत शहाडला राहायचा. करवतीसमोर लाकूड टेकवून सरकवायची लोखंडी पट्टी तोच बसवायचा. त्यानं एक फळी कापून महिपतीच्या हातात दिली. महिपतीनं गुण्या लावला आणि फळी उजेडाकडे धरली. पोलाद आणि लाकूड यांच्यामध्ये केसाएवढा उजेड दिसत होता.

"वाकडं कापतंय."

"साईं, मेरा मशीन?" लेखराज हसला. "पुन्हा बघ."

दुसरी फळी, तिसरी फळी. उजेड तेवढाच. भगवंत हळूच म्हणाला, "दादा, गुण्या उलटा धरून बघता का एकदा?"

ही तपासणी महिपती स्वतःच सगळ्यांना शिकवायचा. गुण्या लावून रेघ ओढायची, मग तो उलटा करून त्याच जागेवरून दुसरी ओढायची. दोन्ही एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. पण बाळाजींच्या गुण्याला ती लावायची, म्हणजे बाळाजींनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं.

"हा गुण्या कुणाचा आहे, माहितीय?" तो साहेबांना ऐकू जाईल असं मोठ्यानं भगवंतला म्हणाला. "तुला पट्टी बसवता येत नाही, ते आधी शीक. मग मला शिकव."

दारातले दोन हमाल हसले. भगवंत मान खाली घालून भुसा झाडू लागला.

दोन दिवसांनी ते दुसऱ्या वर्कशॉपात गेले. फळी कापली, गुण्या लावला. तसाच उजेड, त्याच बाजूला.

"अहो रोकडे," साहेब म्हणाले, "सगळं उल्हासनगरच वाकडं आहे की काय?"

साहेबांनी थट्टा केली होती. महिपतीनं मात्र फळी पुन्हा उजेडाकडे धरली. दोन वेगळ्या कारागिरांचं काम सारख्याच केसानं कसं चुकेल?

कारखान्यात परतल्यावर त्यानं सगळे जेवायला जाईपर्यंत वाट पाहिली. प्लायवुडच्या तुकड्यावर रेघ ओढली, गुण्या उलटला, दुसरी ओढली. दोन्ही रेघा खालून एकत्र निघाल्या आणि वर जाताना एकमेकींपासून फाकल्या.

त्यानं अंगठ्यानं त्या पुसायचा प्रयत्न केला. त्या नुसत्या काळवंडल्या.

मग कारखान्याबाहेर केलेल्या कामातलं एकेक दार आठवायला लागलं. त्यानं बसवलेलं प्रत्येक दार चौकटीत अडायचं, रंधा मारूनच बसायचं, आणि प्रत्येक वेळी तो गवंड्याला म्हणायचा, "भिंत वाकडी घातलीस, बाबा." एका गवंड्यानं तर त्याच्यासमोर कडेचं प्लास्टर फोडून नव्यानं केलं होतं. महिपती विडी ओढत बघत बसला होता.

कानशीनं पट्टी घासून गुण्या सरळ करता आला असता. कुणाला कळलंही नसतं. तो विचार त्यानं एक दिवस, एक रात्र बाळगला. घरी बायकोनं, अंजनानं, विचारलं, "बरं नाही का?" तो "नाही" म्हणाला, त्याचा अर्थ तिनं हवा तसा घ्यावा.

पुढल्या दिवशी तो एकटाच लेखराजकडे गेला. टेबल सुटं करून जमिनीवर मांडलेलं होतं. म्हातारा आपल्या पोलादी गुण्यानं एकेक भाग मापत होता.

"मेरा गुण्या बोलता है सही," तो वर न बघता म्हणाला. "पण तू बोलला वाकडं. तू बोलला म्हणजे काहीतरी असेल."

"भगवंत कुठंय?"

"घरी पाठवला. वाकडं बसवणारा माणूस मला काय करायचाय?"

महिपतीनं फळीचा तुकडा उचलला आणि त्याच्यासमोर दोन रेघा ओढल्या. लेखराजनं चष्मा सावरून दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मला कशाला दाखवतो?" तो म्हणाला. "त्याला जाऊन दाखव."

शहाडला भगवंतची बायको उमा दारात तांदूळ निवडत होती. "ते कामावर गेलेत की," ती म्हणाली. "डबा घेऊन सकाळीच गेले. तुम्ही वर्कशॉपातलेच ना?"

महिपतीच्या ओठांवर आलेलं सगळं परत आत गेलं. "हो. तिथंच भेटतो मग," तो म्हणाला. तिनं दिलेलं पाणी त्यानं उभ्याउभ्या प्यायलं. त्याची चूक या घरात पोचली होती, आणि भगवंत ती एकटाच झाकून बसला होता.

परतताना शहाड स्टेशनच्या शेवटच्या बाकावर भगवंत सापडला. मांडीवर डबा, झाकण बंद. महिपती समोर उभा राहिला.

"भगवंत, गुण्या खोटा निघाला. तू म्हणालास तसा. मी तेव्हा उलटला नाही."

भगवंत रुळांकडे बघत होता. "घरी गेला होतात?"

"गेलो होतो. काही बोललो नाही."

त्यानं मोठा श्वास सोडला. "लेखराजशेठना सांगितलंत?"

"सांगितलं. आता तुझ्यासोबत चिंतामणी साहेबांसमोर सांगतो. त्या हमालांसमोरही."

"आज?"

"आत्ता."

भगवंतनं डब्याचं झाकण काढलं. भाकरी, वांग्याची भाजी. "आधी हे संपवू द्या," तो म्हणाला. "भरलेला डबा घरी नेला तर ती विचारते. तीन दिवस गिळत नव्हतं, कावळ्यांना घालत होतो."

त्यानं बाकावर बसायला जागा केली नाही, आणि महिपतीनं मागितलीही नाही. भगवंतचा शेवटचा घास होईपर्यंत तो उन्हात तसाच उभा राहिला.